धुळीच्या रस्त्याकडेची साठ रोपे : एका रोपवाटिकेचा दीड वर्षाचा अनुभव

भुसावळ आणि जळगाव यांच्या दरम्यान, महामार्गाला लागून आमची लहानशी वसाहत आहे. रस्त्याचे चौपदरीकरण झाले तेव्हा कडेची जुनी कडुलिंबे गेली आणि कुंपणाशी धूळ अडवणारे काहीही उरले नाही. अवजड वाहनांचा धूर बारा महिने असतो, दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात आणि वारा फिरला की कोळशाच्या राखेचा बारीक थर गच्चीवरच्या वाळवणावरही दिसतो. या जागी आम्ही तीन वेळा झाडे लावली आणि तिन्ही वेळा पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस खड्ड्यांत नुसत्या काड्या उरल्या. चौथ्या वेळी, दीड वर्षापूर्वीच्या जुलैत, आम्ही तापीच्या उत्तरेला केळीच्या पट्ट्यात असलेल्या एका खासगी रोपवाटिकेकडून साठ रोपे आणि त्यांच्या वर्षभराच्या देखभालीची सेवा विकत घेतली. आज त्यांपैकी एक्कावन्न रोपे उभी आहेत. या लेखात त्या रोपवाटिकेची स्तुती आहे आणि एक गंभीर तक्रारही आहे, म्हणून तिचे नाव मी मुद्दाम देत नाही.

पहिल्या भेटीत मला सर्वांत आवडली ती त्यांची रोप दाखवण्याची पद्धत. बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकाला उंची दाखवली जाते. सहा फुटी रोप, सात फुटी रोप, त्याप्रमाणे भाव. येथे रोपवाटिकेच्या मालकांनी, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, करंजाचे एक रोप उचलले, काळ्या पिशवीवर उभी ब्लेड फिरवली आणि मातीचा गड्डा माझ्या हातात दिला. मुळे खाली सरळ उतरलेली होती, पिशवीच्या तळाशी त्यांचे वेटोळे झालेले नव्हते आणि टोके पांढरी, जिवंत होती. नंतर त्यांनी शेजारच्या ओळीतले, अधिक उंच दिसणारे दुसरे रोप फोडून दाखवले. ते दोन वर्षे एकाच पिशवीत राहिलेले होते आणि त्याच्या मुळांनी तळाशी दोरखंडासारखा पीळ घातला होता. "सर, हे रोप मी तुम्हाला विकणार नाही. रस्त्याकडेला हे वाचत नाही," असे ते म्हणाले. विकायला ठेवलेले रोप गिऱ्हाइकासमोर फोडून बाद करणारा विक्रेता मी प्रथमच पाहत होतो.

मुळांवर एवढा भर का, हे समजून घेतल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. पानांतून आत शिरणारा सल्फर डायऑक्साइड, वाहनांच्या धुरातून आणि उन्हातून तयार होणारा ओझोन आणि पानावर बसलेली धूळ यांचा परिणाम पानावर दिसतो, पण त्याची किंमत मुळे मोजतात. पानाचे अन्न बनवण्याचे काम मंदावते, जे अन्न बनते त्यातले बरेच दुखावलेल्या पानांच्या दुरुस्तीत खर्च होते आणि मुळांकडे कमी जाते. मोठ्या झाडाच्या खोडात आणि मुळांत साठा असतो, त्यामुळे ते एखाद-दोन वाईट वर्षे काढू शकते. रोपाजवळ असा साठा नसतो. त्याची मुळे आखूड राहतात, आणि आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला, काळ्या जमिनीला भेगा पडल्या की ती आखूड मुळे ओलीपर्यंत पोहोचत नाहीत. आमच्या आधीच्या तिन्ही लागवडी उन्हाने मेल्या असे आम्ही समजत होतो. खरे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच त्यांचा मे महिना ठरून गेला होता.

ही गोष्ट आप्पा शास्त्रीय शब्दांत सांगत नाहीत, पण त्यांच्या कामात ती दिसते. विक्रीची रोपे शेवटचे दोन महिने शेडनेटच्या बाहेर काढून उघड्यावर ठेवली जातात, पाणी हळूहळू कमी केले जाते आणि नत्र देणे थांबवले जाते. त्यामुळे पाने थोडी लहान, पण जाड आणि तुळतुळीत होतात. सावलीत वाढलेल्या रोपाच्या पानावरचा मेणचट थर पातळ असतो, आणि आम्लयुक्त दव किंवा राख यांच्याशी पानाची पहिली गाठ पडते ती त्या थरावरच. आम्ही आणलेल्या करंजाचे पान आणि शेजारच्या गावातून पूर्वी आणलेल्या हिरव्यागार रोपाचे पान मी दोन बोटांत धरून पाहिले. पहिले पान कडक लागले, दुसरे ओल्या कागदासारखे होते.

जातींची निवड करताना त्यांचा सल्ला बराचसा योग्य ठरला. बाहेरच्या, रस्त्याकडच्या ओळीत करंज, शिरीष आणि पिंपळ. मधल्या ओळीत कडुलिंब आणि भोकर. वसाहतीच्या बाजूला आंबा, बकुळ आणि बहावा, अशी त्यांनी मांडणी दिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००० च्या सुमारास हरितपट्ट्यांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे, तिच्यातील तत्त्वांशी ही मांडणी बरीच जुळते. वनस्पतीची प्रदूषण सोसण्याची ताकद मोजण्यासाठी सिंग आणि राव यांनी १९८३ मध्ये मांडलेला एक निर्देशांक आपल्याकडे सर्रास वापरला जातो. पानातील क जीवनसत्त्व, एकूण हरितद्रव्य, पानाच्या रसाचा सामू (pH; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) आणि पानातील पाण्याचे सापेक्ष प्रमाण या चार गोष्टींवरून तो काढतात. अशा मोजणीत पिंपळ, वड, आंबा ही झाडे अनेकदा वरच्या स्थानी येतात. मात्र वाढलेल्या झाडाच्या पानावर काढलेला आकडा नुकत्याच लावलेल्या रोपाला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि हे आप्पांनी आपण होऊन सांगितले, याची नोंद मी करतो. त्यांच्याकडे काम करणाऱ्या, अमळनेरकडच्या एका मावशींनी तेच अहिराणीत एका वाक्यात सांगितले होते: "रोप ल्हानं शे दादा, त्याले जपनं पडी."

कडुलिंबाबाबतही त्यांनी प्रामाणिकपणा दाखवला. अलीकडे अनेक ठिकाणी कडुलिंबाचे शेंडे वाळतात आणि लोक ते सरळ प्रदूषणाच्या खात्यावर टाकतात. फोमॉप्सिस नावाच्या बुरशीमुळेही हा रोग होतो, हे त्यांनी विक्रीपूर्वीच सांगितले आणि कडुलिंबाची संख्या वीसवरून बारावर आणली. त्यांचे स्वतःचे उत्पन्न त्यामुळे कमी झाले.

आता तक्रारीकडे वळतो. लागवडीच्या दिवशी त्यांच्या माणसांनी प्रत्येक खड्ड्यात शेणखत आणि पोयटा यांच्याबरोबर सुमारे पाव किलो विरवलेला चुना टाकला. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, येथे आम्लवर्षा होते, चुन्याने आम्ल मारले जाते, आणि परदेशात जंगलांना असाच चुना देतात. 'आम्लवर्षा संरक्षण' या नावाखाली प्रत्येक रोपामागे पंचवीस रुपये पावतीत वेगळे लावलेले होते. त्या दिवशी पाऊस अंगावर होता, मजूर थांबलेले होते, आणि मी हरकत घेतली नाही. घ्यायला हवी होती.

परदेशातला दाखला खोटा नाही, पण तो आपल्या जमिनीला लागू पडत नाही. स्वच्छ पावसाचे पाणीही हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी असते. त्याचा सामू सुमारे ५.६ असतो. कोळसा आणि तेल जाळल्याने निघणारे सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लात बदलतात आणि सामू आणखी खाली जातो. सामूचा एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट, हे लक्षात घेतले तर ४.२ आणि ५.६ यांतील फरक किती मोठा आहे ते समजते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक येथील जंगलात १९६३ पासून पावसाची मोजणी झाली आणि तेथे असेच तीव्र आम्ल पाणी पडत असल्याचे आढळले. तिथली जमीन ग्रॅनाइटसारख्या खडकांवरची, पातळ आणि मुळातच आम्लधर्मी. त्या पावसाने मातीतले कॅल्शियम वर्षानुवर्षे धुऊन नेले आणि एरवी मातीत बांधलेले ॲल्युमिनियम सुटे होऊन कोवळ्या मुळांना बाधू लागले. १९९९ मध्ये त्या जंगलाच्या एका पाणलोटात कॅल्शियमयुक्त खनिजाची भुकटी टाकली गेली, तेव्हा शुगर मेपलची रोपे पुन्हा जोमाने वाढू लागली. कॅनडातील सडबरी येथे धातू गाळण्याच्या धुराने टेकड्या उघड्या-काळ्या पडल्या होत्या. तेथे १९७८ पासून आधी चुनखडी पसरली गेली, मग गवत उगवले आणि त्यानंतर लाखो झाडे लावली गेली. त्या मातीला चुना म्हणजे औषधच होते.

खानदेशची काळी जमीन मात्र बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. ती चुनखडीयुक्त असते, तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या घरात असतो, आणि आपल्या विहिरीच्या पाण्यातही क्षार भरपूर असतात. पावसातून थोडे आम्ल आलेच तर ही माती ते सहज पचवते. शिवाय आपल्या हवेतील धूळच चुनखडीयुक्त असल्यामुळे पावसातील आम्ल बऱ्याच वेळा ढगातून खाली येतानाच निवते. भारतीय हवामान विभाग नागपूर आणि पुण्यासह देशातील काही ठिकाणी अनेक दशके पावसाच्या पाण्याचा सामू मोजत आला आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो हळूहळू उतरत असल्याचे दिसते, त्यामुळे पुढची काळजी करण्याचे कारण आहेच. पण आज आमच्या खड्ड्यात चुन्याला काम नव्हते. पहिल्या वळवाच्या सरीचे पाणी मी स्टीलच्या वाटीत धरून सामूच्या कागदी पट्टीने तपासले, तेव्हा रंग ६ आणि ७ यांच्या मधला आला. जानेवारीच्या पहाटे राख बसलेल्या पानांवरचे दव टिपले तर पट्टी ७ च्याही वर गेली. आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी आणि राख ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असते, आणि ती राख बहुधा अल्कधर्मी असते, याच्याशी हे जुळते.

चुन्याचा परिणाम सप्टेंबरात दिसला. आंबा आणि बकुळ यांची शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबाच्या सालीसारखा, शेवटी जवळजवळ पांढरा. रोपवाटिकेचा मुलगा पाहणीला आला आणि त्याने "हवेचा परिणाम आहे, काका" असे निदान केले. ते मला पटले नाही. सल्फर डायऑक्साइडची इजा बहुधा नुकत्याच पूर्ण उलगडलेल्या पानांवर अधिक दिसते आणि अगदी कोवळा शेंडा तुलनेने बचावतो. येथे नेमके उलट चित्र होते. जुनी पाने हिरवी आणि नवी पिवळी, म्हणजे लोहाची कमतरता. मातीत लोह असते, पण सामू वाढला की ते अविद्राव्य होते आणि मुळांना घेता येत नाही. आधीच चुनखडीच्या जमिनीत वरून चुना घातल्यावर दुसरे काय होणार? कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह, आणून दोन फवारण्या केल्या, आळ्यातली वरची माती काढून कुजलेले शेणखत भरले, आणि दिवाळीपर्यंत आंब्यांची नवी पालवी हिरवी आली. बकुळीची चार रोपे मात्र गेली. एकूण गेलेल्या नऊपैकी ही चार मी सरळ त्या चुन्याच्या नावावर लिहितो.

आप्पांना मी हे जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, माती तपासणीचा अहवाल मागितला, आणि अहवालात सामू ८.१ दिसल्यावर चुन्याचे दीड हजार रुपये परत केले. मेलेल्या रोपांचे पैसे मात्र दिले नाहीत. करारात पहिल्या वर्षी मेलेले रोप बदलून देण्याची तरतूद आहे, तेवढीच पाळू असे ते म्हणाले. हे मला पुरेसे वाटले नाही. ज्या सेवेचे पैसे वेगळे घेतले, तिच्यामुळे नुकसान झाले असेल तर रोपाबरोबर वर्षाची वाढही गेलेली असते, आणि ती बदली रोपाने भरून निघत नाही.

देखभालीचा भाग मात्र मनापासून केलेला होता. प्रत्येक रोपाभोवती बांबूचा कठडा आणि रस्त्याकडच्या अर्ध्या भागाला हिरवी जाळी लावली होती. ही जाळी सावलीसाठी नव्हती, धूळ अडवण्यासाठी होती, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ती काढायची हेही सांगितले होते, कारण आडोशात राहिलेले खोड कमकुवत होते. आळ्यात त्यांनी केळीच्या खांबाचे उभे चिरलेले तुकडे अंथरले होते. केळीच्या बागायतीत हे खांब घड उतरवल्यावर वाया जातात. येथे त्यांनी एप्रिलपर्यंत आळी ओलसर ठेवली आणि हळूहळू कुजून मातीला सेंद्रिय कर्ब दिला. खानदेशातल्या रोपवाटिकेने खानदेशातलेच साधन असे वापरलेले पाहून मला समाधान वाटले.

सर्वांत उपयोगी काम म्हणजे पाने धुणे. नोव्हेंबर ते मे या काळात दर पंधरा दिवसांनी त्यांचा माणूस पाठीवरचा पंप घेऊन पहाटे येत असे आणि प्रत्येक रोपाची पाने वरून व खालून साध्या पाण्याने धूत असे. खालून धुणे महत्त्वाचे, कारण आंब्यासारख्या झाडांत श्वासरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात. वरची धूळ ऊन अडवते आणि पान तापवते, खालची धूळ श्वास अडवते. फेब्रुवारीत एकदा माणूस येण्याआधी मी शिरिषाच्या पानांवरून पांढरा रुमाल फिरवला. पुसल्याजागी काळसर-राखाडी पट्टा उमटला आणि त्यात चकाकणारे अगदी बारीक कण होते. साबणाने दोनदा धुतल्यावरही रुमालावर त्याची सावली राहिली. त्या रोपाचे वय तेव्हा जेमतेम दीड वर्ष असेल. धुतल्यानंतर तासाभरात पाने उन्हाकडे वळलेली दिसली, तेव्हा पंधरा दिवसांऐवजी आठ दिवसांनी माणूस बोलवावा असे वाटून गेले. वीटभट्ट्या पूर्ण जोरात असतात त्या जानेवारी-फेब्रुवारीत तरी त्यांनी हे अंतर आठ दिवसांवर आणायला हवे. भट्टीच्या धुराने आंब्याच्या फळाचे टोक काळे पडण्याचा विकार उत्तर भारतातील बागायतदारांना फार पूर्वीपासून माहीत आहे आणि त्यावर ते बोरॅक्सची फवारणी करतात; आमचे आंबे फळावर यायला अवकाश आहे, पण त्या वेळी हा सल्ला या रोपवाटिकेकडून मिळेल का, हे मी पाहणार आहे.

खर्चाचे सांगायचे तर रोपामागे एकशे ऐंशी रुपये, कठडा आणि जाळीचे दोनशे दहा आणि वर्षाच्या देखभालीचे चारशे, असा हिशेब झाला. शासकीय रोपवाटिकेतील रोपाच्या तुलनेत हे महाग आहे. ज्यांच्या जागेवर धूळ आणि धूर नाही, ज्यांच्या घरचे कोणी रोज पाणी घालू शकते, त्यांनी एवढा खर्च करण्याची गरज नाही. महामार्ग, भट्टी किंवा खडीचे यंत्र यांच्या जवळ राहणाऱ्यांनी मात्र देखभालीचे चारशे रुपये वाचवू नयेत. वाचवायचेच असतील तर उंचीत वाचवावेत. चार फुटी, चांगल्या मुळांचे रोप सहा फुटीपेक्षा लवकर सावरते, हे आमच्याकडच्या साठ खड्ड्यांतच दिसले. त्यांतली लहान रोपे आज मोठ्यांच्या बरोबरीला येत आहेत.

आणखी एका बाबतीत या रोपवाटिकेविषयी मला आदर वाटतो. त्यांच्या माहितीपत्रकात झाडे हवा शुद्ध करतील असे मोठे वचन दिलेले नाही. आमच्या वसाहतीतील काही जणांना हरितपट्टा झाला म्हणजे प्रश्न मिटला असे वाटत होते. जळगाव शहर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे येथील हवा ठरवलेल्या मानकांत बसत नाही हे सरकारनेच मान्य केले आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा निवासी भागात घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात २० मायक्रोग्रॅम आहे. आमच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या दीड वर्षाच्या आंब्याची प्रकृती निवासी क्षेत्राच्या आकड्याने मोजावी की संवेदनशील क्षेत्राच्या, हा प्रश्न मी आप्पांना विचारला. ते थोडा वेळ रोपाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, त्याला तान्ह्या मुलासारखंच धरा."

देखभालीचा करार आम्ही दुसऱ्या वर्षासाठी वाढवला आहे. येत्या जूनमध्ये रिकाम्या नऊ खड्ड्यांत पाच करंज आणि चार भोकर लावायचे ठरले असून, खड्डे आताच खणून उन्हात तापायला ठेवले आहेत. नव्या पावतीवर 'खड्ड्यात चुना टाकू नये' असे आप्पांच्या अक्षरात लिहून घेतले आहे.